जवारीच्या दिवशी दुखणारा कान

नौशीनच्या नानांचा डावा कान दुखत होता आणि त्या कानात काहीच बिघाड नव्हता.

पहिली गोष्ट नाना सांगत होते. दुसरी कानाच्या डॉक्टरांनी सांगितली होती. त्यांनी कानाचा पडदा पाहिला, आतली इवलीशी हाडं पाहिली, ऐकण्याची चाचणी घेतली आणि म्हणाले, "दस्तगीरभाई, कान उत्तम आहे. पन्नाशीतल्या माणसाला हेवा वाटावा असा." नाना सत्तरीचे होते. त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि डॉक्टरांचे आभार मानले.

अकरा वर्षांची नौशीन त्यांच्याबरोबर होती. अम्मी-अब्बा जतच्या सौरऊर्जा केंद्रावर कामाला असल्यामुळे ती शाळेसाठी मिरजेला नाना-नानींकडे राहायची. नाना कधी कुठल्या दुखण्याचा बाऊ करत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. डॉक्टरांनाही खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. मग दोघांचंही खरं कसं असेल?

नाना तंबोरे घडवायचे. घरातल्या पुढच्या खोलीत भोपळे टांगलेले असायचे, कोपऱ्यात दांड्या रचलेल्या असायच्या आणि सगळीकडे लाकडाचा भुसा. भोपळा कोरणं, दांडी जोडणं, पॉलिश करणं ही कामं मिरजेत आता यंत्रंही करू लागली होती. पण शेवटचं एक काम यंत्रांना जमत नव्हतं. ते म्हणजे जवारी. तंबोऱ्याच्या तारा ज्या छोट्या पाटासारख्या तुकड्यावर टेकतात, त्याला घोडी म्हणतात. त्या घोडीचा माथा कानसेने अगदी कणाकणाने घासायचा आणि तारेचा आवाज मधमाशीच्या गुंजारवासारखा भरून यायला लागला की तिथेच थांबायचं. एकदा कमी घासलं तर आवाज कोरडा, एकदा जास्त घासलं तर घोडी फुकट. कुठे थांबायचं हे फक्त कान सांगतो.

आणि नानांचा कानावरचा विश्वास उडाला होता.

दोन दिवसांनी एक बाई आपला तंबोरा घेऊन आल्या. सव्वापाच फूट उंच, केस बारीक कापलेले, डोळ्यांवर जाड चष्मा. त्यांनी महिन्याभरापूर्वीच हा तंबोरा जवारीसाठी ठेवायचं ठरवलं होतं. नानांनी तंबोऱ्यावरच्या कापडी गवसणीची नाडीसुद्धा सोडली नाही.

"बाई, माफ करा," ते म्हणाले. "मी जवारी काढणं बंद केलंय."

"बंद? का?"

"कान राहिला नाही."

एवढं बोलून ते आत गेले. बाई तंबोरा उचलून पायऱ्या उतरल्या. नौशीन त्यांच्या मागोमाग गेली.

"नानांचा कान चांगला आहे," ती म्हणाली. "डॉक्टरांनी लिहून दिलंय. पण तो दुखतो. कधीकधी कपाळही दुखतं, इथे, डाव्या भुवईच्या वर. म्हणून त्यांना वाटतं, डॉक्टरांना कळलं नाही."

बाई पायरीवर बसल्या. "रोज दुखतो?"

"रोज नाही."

"मग कुठल्या दिवशी?"

नौशीनने बोटांवर दिवस मोजून पाहिले, पण ते तिच्या लक्षात नव्हते. बाईंनी आपलं नाव सांगितलं, डॉक्टर अश्लेषा हुक्केरी. त्या गावातल्याच एका संशोधन केंद्रात स्नायूंचा अभ्यास करत होत्या. नौशीनला वाटलं, आता या काहीतरी औषध सांगतील. पण त्या म्हणाल्या, "मला एक अंदाज आहे, पण तो मी तुला सांगणार नाही. सांगितला तर तुला सगळीकडे तेच दिसायला लागेल. आधी नोंदी करूया. कुठल्या दिवशी दुखतो, त्या दिवशी नानांनी काय काम केलं, किती वेळ केलं. पंधरा दिवस. मदतीला मी टिप्याला पाठवते."

टिप्या दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच आला. पाण्याच्या घागरीएवढा यंत्रमानव होता तो. खाली चार चाकं, वर एक गोल डोळा. नोंदी ठेवणं हे त्याचं काम. दारात थांबून तो म्हणाला, "मी आत येऊन बघत राहिलो तर चालेल का? परवानगी नसेल तर मी परत जाईन."

नानांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "चहा घेतोस?"

"नाही. पण विचारल्याची नोंद केली."

नाना कितीतरी दिवसांनी हसले. टिप्याला खोलीत जागा मिळाली.

जवारी काढायची नाही असं नानांनी ठरवलं होतं खरं, पण आधीच हाती घेतलेले चार तंबोरे पुरे करणं भाग होतं. त्यामुळे पंधरा दिवसांत सगळ्या प्रकारची कामं झाली. टिप्या वेळ टिपायचा आणि नौशीन शाळेतून आली की नानांना विचारून दुखण्याला शून्य ते दहापैकी आकडा द्यायची. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन होणार नाही इतकं.

तिच्या मनात तीन संशयित होते. पहिला, भोपळ्याचा भुसा. तो कानात जात असेल. दुसरा, पॉलिशचा वास. त्याने नानींचं डोकं नेहमी दुखायचं. तिसरा, तारांचा आवाज. इतकी वर्षं कानाजवळ तारा वाजल्यावर कान दमणारच, असं तिला वाटे.

पंधराव्या दिवशी तिने टिप्याला सगळे आकडे पुढच्या भिंतीवर उजेडाने दाखवायला सांगितले. भुसा उडवणारं काम म्हणजे भोपळा कोरणं. ते नानांनी पाच दिवस केलं होतं, पटाशीवर हातोडीचे घाव घालत, घामाघूम होऊन. त्या पाचही दिवशी कानापुढे शून्य किंवा एक. पॉलिश तीन दिवस. तिन्ही दिवशी शून्य. जवारी पाच दिवस. पाच, सहा, चार, सात, सहा. उरलेले दोन दिवस सुट्टीचे होते.

नौशीन भिंतीसमोर मांडी घालून बसली. सगळ्यात जड कामाने दुखत नाही. सगळ्यात हलक्या कामाने दुखतं. जवारीला ताकद ती कितीशी लागते? कानस वजनाने चमच्याएवढी आणि घासायचं तेही फुंकर घातल्यासारखं.

"म्हणजे आवाजच," ती म्हणाली. तिला वाईट वाटलं. आवाजाने दुखत असेल तर नानांचं म्हणणं खरं ठरत होतं.

संध्याकाळी डॉक्टर हुक्केरी आल्या तेव्हा तिने त्यांना हे सांगितलं.

"जवारीच्या दिवशी दुखतो, एवढं तुला दिसलं," डॉक्टर म्हणाल्या. "पण जवारीच्या दिवशी फक्त आवाजच असतो का?"

नौशीन विचारात पडली. नाना जवारीला बसतात तेव्हा काय काय असतं? तंबोरा असतो. कानस असते. आवाज असतो. आणि नाना असतात, तासन्‌तास एकाच जागी. तिने डोळे मिटून ते चित्र आठवलं. तंबोरा मांडीवर आडवा, डावा कान खाली तारांकडे झुकवलेला, तोंड मात्र उजवीकडे, कारण घोडी उजव्या हाताला. आणि श्वाससुद्धा हळू, कारण श्वासाचा आवाज मध्ये येतो.

"आवाज एकीकडे आणि बसणं दुसरीकडे, असं वेगळं करता येईल," ती हळूच म्हणाली. "एकदा आवाज असेल पण तसं बसायचं नाही. एकदा तसं बसायचं, पण आवाज नाही."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "हेच करायचं. पण नानांना कारण सांगायचं नाही. माणसाला दुखेल असं सांगितलं की कधीकधी तेवढ्यानेही दुखतं. आणि दोन्ही गोष्टी तीन-तीनदा करायच्या. एकदा झालं तर तो योगायोगही असू शकतो."

पुढच्या आठवड्यात हे सगळं पार पडलं. तीन दिवस डॉक्टर हुक्केरी येऊन तंबोरा छेडत बसल्या आणि नाना खुर्चीत टेकून तासभर ऐकत राहिले. दुसऱ्या दिवशी तर त्यांनी बाईंना सुनावलं, "तुमचा पंचम उतरलाय, आधी तो लावा." तिन्ही दिवशी कान शून्य. मग तीन दिवस नौशीनने नानांना तारा न चढवलेला मुका तंबोरा मांडीवर दिला आणि जवारीला बसतात तसं तासभर बसून घोडी नुसती न्याहाळायला सांगितलं. नानांना वाटलं, टिप्याला फोटो काढायचे असतील. पहिल्या दिवशी पाऊण तासातच त्यांचा हात आपसूक कानाकडे गेला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच.

कानात कसलाही आवाज गेला नव्हता आणि कान दुखत होता.

त्या रात्री जेवताना नौशीनने नानांना सगळं सांगून टाकलं. नानांनी ऐकून घेतलं. "बेटा, दुखतं कशाने ते सोड," ते म्हणाले. "मागच्या आठवड्यात मला दोन तारांमधला फरक कळला नाही. दोनदा घासावं लागलं."

"कळ येत होती तेव्हा?"

"हो."

"कळ येत असताना मला पाढेसुद्धा आठवत नाहीत," नौशीन म्हणाली. नानींनी हसून तिच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

शनिवारी ते तिघे डॉक्टर हुक्केरींच्या केंद्रात गेले. नाना, नौशीन आणि पुढे वाट दाखवत टिप्या.

डॉक्टरांनी आधी नौशीनलाच आरशासमोर उभं केलं. "मान उजवीकडे वळव. आता गळ्याच्या डाव्या बाजूला बघ."

नौशीनने पाहिलं. कानामागच्या हाडापासून निघून गळ्याच्या खाली मध्यभागापर्यंत, तिरका, दोरखंडासारखा एक स्नायू उठून दिसत होता. इतके दिवस तो तिच्याच मानेत होता आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

"नाना जवारीला बसतात तेव्हा हाच स्नायू काम करतो," डॉक्टर म्हणाल्या. "डाव्या बाजूचा. मान डावीकडे झुकवायची आणि तोंड उजवीकडे वळवायचं, ही दोन्ही कामं तोच करतो."

मग त्यांनी नानांच्या मानेभोवती एक मऊ, मफलरसारखी पट्टी गुंडाळली. तिला त्या कंपपट्टी म्हणायच्या (स्नायूत अगदी हलके कंप सोडून ते किती वेगाने पुढे जातात हे मोजणारी पट्टी). "स्नायू मऊ असेल तर कंप सावकाश जातात. घट्ट असेल तर भरभर जातात. त्यावरून आतला घट्टपणा कळतो."

पडद्यावर नानांच्या मानेचं चित्र उमटलं. बराचसा भाग निळा होता आणि वरच्या बाजूला गव्हाच्या दाण्याएवढा एक लाल ठिपका.

"हा बघा, दस्तगीरभाई. याला आम्ही ट्रिगर पॉइंट म्हणतो (ताठ झालेल्या स्नायूतला, दाबल्यावर कळ उठवणारा छोटा बिंदू)."

नानांनी चित्र पाहिलं न पाहिलंसं केलं. "चित्र आहे," ते म्हणाले. "कुणाचंही असेल."

नौशीनला नानांचा राग आला आणि लगेच तो ओसरलाही. नाना आयुष्यात कधी बघून काही ठरवत नव्हते. पॉलिश झालेल्या लाकडावरसुद्धा ते टिचकी मारून कान देत.

"डॉक्टर," तिने विचारलं, "हे रंगांऐवजी आवाजात करता येईल? म्हणजे जिथे कंप भरभर जातात तिथे सूर चढेल आणि सावकाश जातात तिथे उतरेल?"

डॉक्टरांनी टिप्याकडे पाहिलं. टिप्याचा डोळा दोनदा उघडमीट झाला. "येईल," तो म्हणाला. "आजवर कुणी मागितलं नव्हतं."

नाना आता सरळ बसले. "तार ताणली की सूर चढतो, तसंच ना?"

"अगदी तसंच."

डॉक्टर पट्टीवरचं लहानसं सरकतं बटण वरून खाली नेऊ लागल्या आणि खोलीत एक बारीक, सलग सूर घुमू लागला. नानांनी डोळे मिटले. सूर सपाट चालला होता. मग तो किंचित वर गेला.

"इथे," नाना म्हणाले. "इथे चढला. जवळजवळ एक स्वर."

डॉक्टरांनी पडद्याकडे पाहिलं. बटण बरोबर लाल ठिपक्यावर होतं. नानांना पडदा दिसत नव्हता. बटण पुढे सरकलं.

"थांबा. मागे घ्या. अजून थोडं. हां, इथे दुसरं आहे. पहिल्यापेक्षा बारीक. फार बारीक, पण चढलाय."

"इथे तर काही नाही," डॉक्टर म्हणाल्या. पडद्यावर निळाच रंग होता.

"आहे," नाना म्हणाले.

टिप्याने तेवढ्याच भागाचं चित्र मोठं केलं. मग आणखी मोठं केलं. निळ्याच्या आत मोहरीएवढी जांभळट छटा होती. रंगांच्या पट्ट्यांत ती बुडून गेली होती. पट्टीचे कंप आणखी हलके करून टिप्याने तीनदा मोजलं आणि तीनदा तेच आलं.

डॉक्टरांनी दोन बोटांच्या चिमटीत तो स्नायू अलगद धरला आणि पहिल्या जागी हलकेच दाबलं. "मानेच्या या भागातून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या वाहिन्या जातात," त्या नौशीनला म्हणाल्या. "इथे शिकलेल्या माणसानेच हात लावायचा. दस्तगीरभाई, काय जाणवतंय?"

"कान," नाना म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "तीच कळ. कानात, खोल. पण तुम्ही तर मानेला हात लावलाय."

डॉक्टरांचं बोट दुसऱ्या, मोहरीएवढ्या जागी गेलं.

"भुवई," नाना म्हणाले. "डाव्या भुवईच्या वर."

डॉक्टर हुक्केरी खुर्चीत मागे टेकल्या. कपाळदुखीचं कारण त्यांना इतक्या दिवसांत सापडलं नव्हतं. ते त्यांच्या पडद्याने दाखवलं नव्हतं, सत्तर वर्षांच्या एका कानाने दाखवलं होतं. नाना आपला डावा कान तळहाताने झाकून बसले होते, एखाद्या लहान मुलाच्या डोक्यावर हात ठेवावा तसे.

नौशीनला मात्र आता प्रश्नांनी घेरलं. "दुखणं मानेत आहे तर मेंदूला कान का वाटतो?"

"तुमच्या घराला पुढचं आणि मागचं अशी दोन दारं आहेत ना? समज, दोन्ही दारांवर घंटीचं बटण आहे, पण आत घंटी एकच. पुढून नेहमी कुणी ना कुणी येतं, मागून वर्षातून एखादा. घंटी वाजली तर नानी कुठलं दार उघडतील?"

"पुढचं."

"मेंदूचंही तसंच होतं. मानेच्या वरच्या भागातल्या नसा आणि कान-कपाळाच्या नसा आत जाऊन जवळजवळ एकाच ठिकाणी पोचतात. तिथून पुढे संदेश एकाच वाटेने जातो. कान-कपाळाकडून संदेश यायची मेंदूला सवय आहे, म्हणून तो तिकडचं दार उघडतो. याला दूरस्थ वेदना म्हणतात (एका जागी निर्माण होऊन दुसऱ्या जागी जाणवणारं दुखणं)."

"पण हलक्या कामानेच का? भोपळा कोरताना तर नाना घामाघूम होतात."

डॉक्टरांनी विचारलं, "तुमच्या घरी सगळ्यात आधी कोण उठतं?"

"नानी."

"आणि सगळ्यात शेवटी पाठ कोण टेकतं?"

"नानीच," नौशीन म्हणाली. उत्तर तेच होतं. हे तिने कधी लक्षात घेतलं नव्हतं.

"स्नायूत हजारो तंतू असतात (केसाइतके किंवा त्याहूनही बारीक धागे). हलक्या कामाला सगळे लागत नाहीत. काही छोट्या तंतूंनाच हाक जाते. काम वाढलं तर मोठे मदतीला येतात आणि काम संपत आलं की आधी मोठे सुट्टीवर जातात. छोटे शेवटपर्यंत राबतात. भोपळा कोरताना घाव घातला की स्नायू आवळतो आणि पुढच्या घावापर्यंत सैल पडतो. त्या सैल क्षणात रक्त आत येतं, ताजं इंधन येतं. जवारीत मान हलतच नाही. तेच ते छोटे तंतू तासन्‌तास आवळलेले आणि त्यांना विसावाच नाही."

"मग काम संपल्यावर ते सोडत का नाहीत? सोडायला काय लागतं?"

"इथेच गंमत आहे," डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी आपल्या दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवली. "तंतूच्या आत आणखी बारीक धागे असतात. काही जाड, काही पातळ. जाड धाग्यांना इवले इवले हात असतात. ते पातळ धाग्यांना धरून ओढतात, म्हणून स्नायू आवळतो. आपल्याला वाटतं, ओढायलाच ताकद लागते. पण प्रत्येक हाताला पकड सोडायला एटीपीचा एक नवा कण लागतो (एटीपी म्हणजे पेशीचं इंधन). इंधन नाही, तर सुटका नाही."

नौशीनने स्वतःची बोटं एकमेकांत अडकवून पाहिली. "म्हणजे सोडायलाही ताकद लागते."

"हो. आता बघ काय होत असावं. एक जागा फार वेळ आवळून राहिली. तिने आपल्याच शेजारच्या बारीक रक्तवाहिन्या दाबल्या. रक्त कमी आलं, म्हणून इंधन कमी बनलं. इंधन नाही म्हणून पकड सुटेना आणि पकड सुटेना म्हणून रक्त येईना. त्यात तिथे साचलेली द्रव्यं नसांना टोचत राहतात."

"असावं म्हणालात," नौशीन म्हणाली. "नक्की नाही?"

डॉक्टर हसल्या. "नक्की नाही. धाग्यांचं आणि एटीपीचं नक्की आहे. दूरस्थ वेदना असते, हेही नक्की आहे. पण हा बिंदू तयार कसा होतो याबद्दल शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. काहींना तर वाटतं, मूळ बिघाड स्नायूत नसून नसांमध्येच आहे. म्हणून तर मी रोज सकाळी इथे येते."

उपचारात जादू नव्हती. उबदार शेक, डॉक्टरांच्या शिकलेल्या बोटांचा हलका दाब, मानेचे तीन सोपे व्यायाम आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बसण्यात बदल. नौशीन आणि टिप्याने मिळून तंबोरा टेकवायला एक लाकडी घोडका बनवला. त्यावर तंबोरा छातीच्या उंचीला राहायचा, त्यामुळे कान तारांकडे न्यायला मान झुकवावी लागत नसे. दर वीस मिनिटांनी उठायचं ठरलं. ते नाना विसरायचे, म्हणून नानींनी जबाबदारी घेतली. त्या आतून काहीतरी काम सांगायच्या आणि उठल्याशिवाय गप्प बसायच्या नाहीत. त्या बदल्यात संध्याकाळी भाकऱ्या झाल्या की ओटा आवरायचं काम नौशीनने आपल्याकडे घेतलं. नानी तेवढा वेळ पाय पसरून बसू लागल्या.

पहिल्या आठवड्यात आकडा पाचावर होता. तिसऱ्या आठवड्यात दोनावर आला. मध्येच एकदा सहावर गेला, कारण नाना हट्टाने सलग दोन तास बसले होते. सहाव्या आठवड्यात बहुतेक दिवशी शून्य लागलं. त्याच आठवड्यात नानांनी स्वतः फोन करून हुक्केरीबाईंचा तंबोरा मागवून घेतला. जवारी काढायला त्यांना तीन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी दुपारी तारा छेडल्यावर खोलीभर जो आवाज पसरला, तो ऐकून नानी पीठ लागलेल्या हातांनी दारात येऊन उभ्या राहिल्या. नानांनी कानस पुसून डब्यात ठेवली.

आता दर गुरुवारी नाना केंद्रात जातात. कंपपट्टीचा सूर ऐकून मानेतल्या जागा शोधायचं काम ते टिप्याला शिकवत आहेत. टिप्या चुकतो, नाना त्याला परत ऐकायला लावतात. आजवर त्यांनी एका बसचालक बाईंची, दोन शिंप्यांची आणि दात काढणाऱ्या एका डॉक्टरांची मान ऐकली आहे.

परवाच्या गुरुवारी डॉक्टर म्हणाल्या, "दुखणाऱ्या माना पुष्कळ झाल्या. आता न दुखणाऱ्या माना ऐकायला हव्यात. त्याशिवाय तुलना कशाशी करणार?"

नौशीन लगेच खुर्चीत जाऊन बसली. तिची मान कधीच दुखली नव्हती. पट्टी गुंडाळली, सूर सुरू झाला. नाना डोळे मिटून ऐकत होते. उजव्या खांद्याजवळ आल्यावर त्यांच्या कपाळावर आठी उमटली.

"आहे एक," ते म्हणाले. "लहान आहे."

डॉक्टरांनी तिथे दाबून पाहिलं. थोडं दुखलं, पण दाबल्यावरच. "झोपलेला बिंदू आहे," त्या म्हणाल्या. "अशा जागा पुष्कळ निरोगी माणसांत सापडतात. काही पुढे जाग्या होऊन दुखायला लागतात, काही तशाच राहतात, काही आपोआप निघून जातात."

"माझी ही जागा जागी होईल का?"

"माहीत नाही."

"एखाद्याची होते आणि एखाद्याची होत नाही, असं का?"

"तेही माहीत नाही, नौशीन. अजून कुणालाच माहीत नाही."

नौशीनने खांद्यावर त्या जागी बोट ठेवलं. बाहेरून काहीच कळत नव्हतं. जगात कुणालाही न सुटलेला एक प्रश्न तिच्या स्वतःच्या खांद्यात गव्हाच्या दाण्याएवढी जागा घेऊन बसला होता, आणि याची तिला भीती वाटली नाही.

"शोधायचं कसं?" तिने विचारलं.

"तुझ्यासारख्या शंभर मुलांच्या माना दर महिन्याला ऐकायच्या. किमान दहा वर्षं."

नौशीनने मनात वय मोजलं. "तेव्हा मी एकवीसची असेन," ती म्हणाली. "म्हणजे शेवटची काही वर्षं मी तुमच्या बाजूला बसून ऐकेन. माझी मान टिप्या ऐकेल."

"नोंद केली," टिप्या म्हणाला.